सासरच्या नावाचा रकाना

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाई घरी आल्या तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "तुम्ही जनुकांच्या तपासण्यांचं काम केलंत ना, त्यातला एखादा प्रेरणादायी अनुभव द्या," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, प्रेरणा-बिरणा माझ्याकडे नाही. एक चूक आहे, ती देते, चालत असेल तर बघा. त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि चालेल म्हणाल्या, म्हणून हे लिहितेय.

मी सुनंदा सिस्टर. भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात माझं आयुष्य गेलं. आधीची वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात आणि शेवटची आठ-नऊ वर्षं तळमजल्यावरच्या एका खोलीत, दोन कपाटं आणि एका संगणकासमोर. झालं असं की मोठ्या शहरांत करतात तशा जनुकांच्या तपासण्या आपणही सुरू करायच्या, असं विश्वस्तांनी ठरवलं. रक्त इथे घ्यायचं, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, अहवाल आला की डॉक्टरांनी समजावून सांगायचं. ऐकायला सोपं. पण आमचे वैद्यकीय संचालक, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे, ते म्हणाले, "यंत्रं आणि डॉक्टर विकत मिळतात. नियम मिळत नाहीत, ते आपल्यालाच करावे लागतील." आणि नियम करायच्या समितीची सचिव म्हणून मला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि तोंड फटकळ.

या कामाला इंग्रजीत क्लिनिकल गव्हर्नन्स म्हणतात. आमचे हे नारपोलीला यंत्रमागाच्या कारखान्यात लूम दुरुस्तीचं काम करायचे. त्यांनी विचारलं, हे काय नवीन? मी म्हटलं, "तुमच्याकडे धागा तुटला तर लूम कुणी थांबवायचा, कुणाला हाक मारायची आणि त्याने ती ऐकली का, हे कुणी बघायचं, हे ठरलेलं असतं ना? तसंच हे." ते म्हणाले, "आमच्याकडं काय बी ठरलेलं न्हाय. ज्याच्या कानाव पडंल तो धावतो." मी तेव्हा हसले होते.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगते. आपलं शरीर कसं घडवायचं याच्या सूचना आई-बापाकडून आपल्याला मिळतात, त्या म्हणजे जनुकं. त्यात कुठेतरी एखादं अक्षर बदललेलं असतं. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही. काही बदल घातक असतात, म्हणजे त्या माणसाला अमुक कॅन्सर होण्याची भीती जास्त, हे आधी कळतं. आणि तिसरा प्रकार असतो तो म्हणजे 'अर्थ अनिश्चित'. बदल दिसतोय, पण तो चांगला की वाईट हे आज जगात कुणालाच माहीत नाही. पुढे कधीतरी माहिती वाढते आणि प्रयोगशाळा त्याच रक्ताचा सुधारित अहवाल पाठवते. शिवाय अहवाल एका माणसाच्या नावावर निघत असला तरी त्यात त्याची भावंडं, मुलं, चुलत-मावस सगळी असतात. दुखणं एकाचं आणि बातमी दहा जणांची, हा या कामातला खरा गुंता.

लोकही एकेक भेटले. नारपोलीचे एक कारखानदार पत्नीचा अहवाल न्यायला आले. मी म्हटलं, त्यांचा आहे, त्यांनाच देणार. ते म्हणाले, "सिस्टर, घर में बड़ा मैं हूँ. रिपोर्ट पहले मैं देखूँगा, फिर सोचूँगा क्या बताना है." मी त्यांना दीड तास बाकड्यावर बसवलं आणि मग पत्नीलाच बोलावलं. ती बुरखा सावरत आत आली, अहवाल ऐकला आणि म्हणाली, "इनको मत बताना, बीपी बढ़ जाएगा." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, अहवाल आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल. त्या ग्रुपवर होणारे व्याही पण होते. अशा प्रत्येक नमुन्यामागे एकेक नियम तयार झाला. पेशंटला एकटं बसवून विचारायचं. अहवाल ज्याचा त्याच्याच हातात. नात्यातल्या कुणाला सांगायचं ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं.

माझा सगळ्यात लाडका नियम होता वंशवृक्षाचा. मी एक फॉर्म मराठीत तयार केला. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत चौकोन आणि गोल, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. त्यातली नावं संगणकात भरायची. त्यातलं कुणीही पुढे आमच्या कुठल्याही विभागात, अगदी पाय मुरगळला म्हणून आलं, तरी त्याच्या नावासमोर लाल खूण दिसायची. डॉक्टरांनी ती पाहून आम्हाला फोन करायचा. दोन मोठ्या रुग्णालयांतली माणसं हा फॉर्म बघायला आली होती. मी महिनाभर मान ताठ करून फिरत होते.

वंदना आली ती याच काळात. टेमघरला राहायची, वय अडतीस, स्तनाचा कॅन्सर. माहेर वाड्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातलं, शेतीवालं. इतक्या लहान वयात झाला म्हणून डॉक्टरांनी तपासणी करून घेतली. वंशवृक्ष मी स्वतः भरला. आई लवकर गेलेली, कशाने ते माहीत नाही. एक भाऊ. एक मुलगी, दीपाली, तेव्हा नववीत. आणि धाकटी बहीण. नाव विचारलं तर म्हणाली, "रंजी. रंजना लिवा." मी गोल काढला, त्यात 'रंजना' लिहिलं, खाली 'विवाहित' लिहिलं आणि पुढच्या गोलाकडे गेले.

अहवाल आला तो अनिश्चित. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. बदल दिसतोय, पण त्यावरून काही ठरवता येत नाही, नात्यातल्यांची तपासणी आत्ता करू नये, हेच योग्य असतं. ती ऐकून घेत होती. डॉक्टर गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, मना जा व्हयाचा ता व्हवदे. माजी रंजी हाय, तिला तं न्हाय ना व्हनार?"

"आज कुणीच सांगू शकत नाही ग. पुढे काही कळलं तर आम्ही तिला कळवू."

"शोधाल ना तिला?"

"शोधू," मी म्हटलं. नातेवाइकांना कळवण्याच्या कागदावर तिने सही केली, बहिणीच्या नावासमोर भावाचा फोन नंबर दिला, आणि पुढच्या वर्षी ती गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी प्रयोगशाळेने वंदनाचा सुधारित अहवाल पाठवला. बदल घातक असल्याचं आता सिद्ध झालं होतं. तो मेलवर आला, तपासणी ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांच्या पत्त्यावर, कारण माझ्या नियमात तसंच लिहिलं होतं. ते डॉक्टर तोवर नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेले होते. आमच्याकडचा त्यांचा मेलचा पत्ता चालू होता आणि तो उघडणारं कुणी नव्हतं. डॉक्टर गेले तर अहवाल कुणाकडे जाईल, ही ओळ माझ्या अठरा पानांच्या नियमावलीत नव्हती. हाक मारली गेली होती, ती कुणाच्याच कानावर पडली नव्हती.

आठ महिन्यांनी वार्षिक तपासणीसाठी मी प्रयोगशाळेकडे सुधारित अहवालांची यादी मागितली. यादीत वंदनाचं नाव वाचलं. लगेच संगणकात 'रंजना' शोधलं. आमच्याकडे ती कधीच आलेली नव्हती. लाल खूण नुसती वाट बघत होती. भावाचा नंबर लागेना. तो काल्हेरच्या गोदामात कामाला आहे एवढं कागदावर होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेले. चार गोदामं फिरले, पाचव्यात सापडला. ट्रकमधून खोकी उतरवून घेत होता. घाम पुसत बाहेर आला. मी एवढंच म्हटलं, तुझ्या बहिणीला हॉस्पिटलात यायला सांगायचंय, रंजनाचा नंबर दे.

त्याने नंबर दिला आणि वर म्हणाला, "पन रंजी म्हनून इचारू नका. सासरी तिला प्रणाली बोलतान. लग्नान नाव बदाललाय ना."

मी रिक्षाच्या दांड्याला धरून तिथेच उभी राहिले. आता एक गोष्ट सांगते, जी मी समितीला सांगेपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. माझं माहेरचं नाव सुमन. सुनंदा हे नाव लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं आणि तेव्हापासून मी सुनंदा झाले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली अशाच दुसऱ्या नावाने जगतायत. आमच्या भागात घरोघरी हेच. हे मला परदेशातून आलेल्या पुस्तकाने शिकवायला नको होतं. आणि मी रंजनाच्या गोलाखाली 'विवाहित' लिहून पुढे गेले होते.

रुग्णालयात परत येऊन संगणकात 'प्रणाली' टाकलं, सासरचं आडनाव टाकलं. पान उघडलं. चार महिन्यांपूर्वी ती आमच्याच बाह्यरुग्ण विभागात येऊन गेली होती. वय तेहतीस, छातीत छोटी गाठ. सोनोग्राफीत गाठ साधी वाटते, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. घरात कुणाला कॅन्सर? नाही. लाल खूण नाही, कारण संगणकाला रंजना माहीत होती, प्रणाली नव्हती. मी खुर्चीवर बसून ते पान किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. मला रडू आलं नाही, राग आला, स्वतःचाच.

फोन सासूबाईंनी उचलला. "कोन बोलतय? काय काम हाय?" आता इथे माझाच नियम माझ्यासमोर उभा राहिला. अहवाल तिलाच सांगायचा, सासूला नाही. मी म्हटलं, सोनोग्राफी परत करायची आहे, उद्याच पाठवा. त्या म्हणाल्या, "उद्या कशी येल? पुतन्याची हळद हाय. हळद झाल्याव बघू." मी आवाज चढवला तर त्या बिथरल्या, मी नरमले तर त्यांना वाटलं घाई नाही. शेवटी भावालाच पाठवलं. तो हळदीच्या दिवशी मांडवातून तिला घेऊन आला. हातावर पिवळे डाग, केसांत वेणी, चेहरा थेट वंदनाचा.

तिला एकटीला बसवलं. सगळं सांगितलं, ताईचा अहवाल, तो आठ महिने पडून होता हे, आणि लाल खुणेचंही. ती म्हणाली, "म्हंजे मी आलती तवा तुमच्या मशिनीत व्हती, फक्त येगल्या नावान?"

"हो."

"घरान कोनला कॅन्सर हाय का, ता इचारलावता मना. सासू बाजूला उभी व्हती. आमी सासरी सांगलेला, ताई काविळीन गेली. मी न्हाय बोललू."

ती आपलीच चूक असल्यासारखी बोलत होती. मी म्हटलं, "तुझी नाही चूक. सासूसमोर विचारायलाच नको होतं." ती पदराने हळदीचे डाग पुसायला लागली, ते काही निघेनात.

गाठ साधी नव्हती. काखेत पसरली होती, यकृतात सुरुवात होती. चार महिन्यांपूर्वी सुई घालून तुकडा तपासला असता तर? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण बरीच आशा असती. ते 'बरीच' मी आजपर्यंत विसरलेले नाही.

समितीची बैठक झाली. एक विश्वस्त म्हणाले, प्रयोगशाळेने फोन करायला हवा होता, आपण लेखी निषेध पाठवू. दुसरे म्हणाले, पेशंटने खोटी माहिती दिली, आपण काय करणार? सगळे मेलबद्दल बोलत होते. नावाचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर कागदोपत्री माझा फॉर्म स्वच्छच राहिला असता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि त्या फॉर्मचं नाव झालं होतं. मी उठले आणि म्हटलं, "मेलची चूक सगळ्यांची मिळून आहे. लाल खूण लागली नाही ती माझ्यामुळे. माझं स्वतःचं नाव बदललेलं आहे आणि मी तिला सासरचं नाव विचारलं नाही. हे असंच इतिवृत्तात जाईल." मोठे डॉक्टर म्हणाले, "लिहा, सिस्टर." ते इतिवृत्त मीच लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात.

त्या दिवशी नियम बदलले. अहवाल एका डॉक्टरच्या नव्हे, विभागाच्या पत्त्यावर येणार आणि दोघांनी तो पाहिल्याची सही होणार. डॉक्टर नोकरी सोडताना त्याचे सगळे पेशंट दुसऱ्याच्या नावे करून जाणार. कुटुंबातल्या आजाराबद्दल कुठल्याही विभागात एकटं बसवून विचारायचं. आणि प्रत्येक गोलासमोर दोन रकाने, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. आता तो फॉर्म इतर रुग्णालयांतही गेला आहे, म्हणतात. लोक माझं कौतुक करतात तेव्हा मी विषय बदलते.

रंजनाची केमोथेरपी आमच्याकडेच झाली. मी रोज वर जायचे. नियमात नव्हतं ते. ती माझ्यावर कधी चिडली नाही आणि खरं सांगते, चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. एकदा मी "प्रणाली, पाणी देऊ का?" असं विचारलं तर म्हणाली, "सिस्टर, मना रंजी बोला. ताई गेल्यापास्न त्या नावान कोनच हाक मारीत न्हाय." भाऊ आहे की, मी म्हटलं. "त्यो बी सासरी आला का प्रणालीच बोलतो, सासूला आवडत न्हाय म्हनून." मी तिला रंजी म्हणायला लागले. माझ्या आईनंतर मला सुमी म्हणणारं कुणी उरलेलं नाही, तेही तिला सांगितलं. मग एखाद्या दिवशी उलट्या कमी असल्या की ती मला सुमीताई म्हणायची आणि हसायची.

तिने एकच गोष्ट हट्टाने करून घेतली. वंदनाची मुलगी दीपाली अठराची झाली होती. रंजीने तिला स्वतः माझ्याकडे आणून बसवलं. डोक्याला रुमाल, हातात सुईची पट्टी, तशीच. "तिला समदा सांगा. मंग तिला वाटला तं तपासूंदे, न्हाय वाटला तं न्हाय. पन तिला इचारा." दीपालीने वेळ घेतला, दोनदा येऊन प्रश्न विचारले आणि मग रक्त दिलं. तिच्यातही तोच बदल निघाला. पण तिला कळलं ते वेळेवर. पंचविशीपासून दरवर्षी तपासणी असं ठरलं. रंजी त्या पावसाळ्यानंतर गेली. ती गेली तेव्हा वंशवृक्षातल्या तिच्या गोलावर तिरकी रेघ मारायची होती. गेलेल्या माणसाच्या गोलावर तशी रेघ मारतात. ती मी मारली. त्यानंतर काही महिन्यांनी मी निवृत्त झाले.

यंदा वैशाखात दीपालीचं लग्न झालं, टेमघरच्याच हॉलमध्ये. मुलाला तिने सगळं आधीच सांगितलं होतं, डॉक्टरांसमोर बसवून. सासूलाही. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. विधी आटोपले, ताट आलं, तांदूळ पसरले. नवऱ्या मुलाने अंगठीने नाव लिहिलं आणि कुणीतरी मोठ्याने वाचलं, श्रेया. पेढे फिरायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर ताटही दिसेना, मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. तेवढ्यात दीपालीने मुंडावळ्या बाजूला करून माझ्याकडे बघितलं आणि भरल्या मांडवात विचारलं, "सिस्टर, लिवून घेतला का?"

मी रुमालाऐवजी पेन काढलं आणि लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलं.

सोमवारी रुग्णालयात गेले. माझ्या जागेवर आता एक तरुण मुलगी आहे, कामाला पक्की. तिने वंदनाची फाइल काढली. वर रंजीचा गोल, त्यावर माझी तिरकी रेघ, आणि 'रंजना'च्या शेजारी मागाहून वेगळ्या शाईत लिहिलेलं 'प्रणाली'. खाली दीपालीचा गोल, सासरच्या नावाचा रकाना रिकामा. मी पत्रिका पुढे केली. तिने 'श्रेया' लिहिलं आणि सवयीने 'दीपाली'वर रेघ मारायला पेन टेकवलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, जुनं खोडू नको ग, दोन्ही असू देत.